आवाज कुठे तुटतो?

उन्हाळ कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन धाकटा भाऊ कळवणच्या बाजार समितीत उभा आहे, असं समजू. थोरला दळवटकडे, कांदा चाळीपाशी, कानाला फोन लावून. "किती गेला रे?" "...वीसशे पन्नास." "एकवीस का बावीस?" "अरे, ...वीसशे!" मग हॅलो-हॅलो, मग कट, मग पुन्हा फोन. एकवीसशे, बावीसशे, तेवीसशे, चोवीसशे. चारही आकड्यांचं शेपूट एकच आहे आणि नेमकं तोंड गिळलं जातंय. क्विंटलमागे तीनशे रुपयांचा फरक एका अक्षरात अडकलेला.

ते अक्षर गेलं कुठे? फोर-जीवरच्या कॉलमध्ये, म्हणजे व्होएलटीईत, आवाज सलग धारेने जात नाही. फोन त्याचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करतो आणि सेकंदाला पन्नास पुडकी या हिशेबाने पाठवतो. 'एक' उच्चारायला साधारण पाव सेकंदाहून थोडा कमीच वेळ लागतो, म्हणजे तो शब्द आठ-दहा पुडक्यांत बसतो. अधूनमधून एखादं पुडकं हरवलं तर समोरचा फोन आधीचा आवाज किंचित ताणून ती फट बुजवतो आणि कानाला पत्ताही लागत नाही. पण दहा पुडकी ओळीने हरवली की 'एक' गेलाच. शंभरात दोन पुडकी हरवली एवढं सांगून म्हणूनच काही कळत नाही. विखरून हरवली तर कॉल उत्तम असतो, ओळीने हरवली तर भाव चुकतो.

आता हाच प्रसंग कंपनीच्या वहीत कसा दिसेल ते पाहू. पहिला कॉल लागला, वैतागून भावानेच तो बंद केला: व्यवस्थित. दुसराही तसाच: व्यवस्थित. तिसरा आपोआप तुटला: कॉल ड्रॉप, एक. माणसाच्या लेखी तिन्ही फोन वाया गेले. वहीच्या लेखी तीनातले दोन यशस्वी.

भारतात बरीच वर्षं भांडण झालं ते या 'ड्रॉप'वर, कारण मोजायला तो सोपा. दूरसंचार नियामक ट्रायचा जुना निकष होता की शंभरात दोनपेक्षा जास्त कॉल तुटू नयेत, आणि ही सरासरी काढायची अख्ख्या सर्कलची. महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई वगळता राज्य आणि वर गोवा येतं. पुण्या-नागपूरच्या कोट्यवधी कॉलांत कळवण-सुरगाण्याचे कॉल मिसळले की सरासरी कशी येणार हे सांगायला गणिती लागत नाही. २०१७ मध्ये ट्रायने मोजणी सेलच्या पातळीवर आणली. सेल म्हणजे टॉवरवरच्या एका दिशेच्या अँटेनाचं क्षेत्र. एका टॉवरवर सहसा असे तीन असतात. तेव्हाचा नवा निकष असा की नव्वद टक्के सेलनी नव्वद टक्के दिवस दोन टक्क्यांच्या आत राहावं. सुधारणा मोठी होती. तरी दहावा सेल कुठल्या डोंगराआड असतो याचा अंदाज कळवणकरांनी बांधायला हरकत नाही.

ड्रॉपचा आकडा खाली आणायची एक पळवाटही होती. टू-जीच्या फोनमध्ये 'रेडिओ लिंक टाइमआउट' नावाचा एक मोजक असतो. दर ४८० मिलिसेकंदांनी येणारा नियंत्रण-संदेश वाचता आला नाही की तो एकने उतरतो, वाचता आला की दोनने चढतो, आणि शून्यावर पोचला की कॉल तुटतो. हा मोजक सुरुवातीला कितीवर लावायचा ते नेटवर्क ठरवतं: कमीत कमी ४, जास्तीत जास्त ६४. चारवर लावला तर दोन सेकंदांत कॉल तुटेल. चौसष्टवर लावला तर संपर्क पुरता मेलेला असतानाही कॉल तीस सेकंद 'जिवंत' राहील. मधल्या काळात माणूस कंटाळून स्वतःच लाल बटण दाबतो आणि वहीत लिहिलं जातं: ग्राहकाने कॉल संपवला. कंपन्या हा मोजक वाढवून ड्रॉप लपवतात, असा आरोप २०१६ मध्ये जोरात झाला. कंपन्यांनी तो नाकारला. आरोपाचं काही का असेना, जो आकडा एका सेटिंगने हलतो त्यावर रोगाचं निदान होत नाही.

त्याच सुमारास दुसरा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ट्रायने ऑक्टोबर २०१५ मध्ये नियम केला की तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे ग्राहकाला एक रुपया भरपाई द्यावी, दिवसाला जास्तीत जास्त तीन. ११ मे २०१६ रोजी न्या. कुरियन जोसेफ आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने हा नियम मनमानी ठरवून रद्द केला. निकालात ट्रायच्याच एका तांत्रिक टिपणाचा आधार आला. त्यानुसार सरासरी ३६.९ टक्के कॉल ड्रॉप ग्राहकाच्या बाजूच्या कारणांनी होत होते. दोष कुणाचा हे न पाहता सगळ्याच कॉलची भरपाई कंपनीने का द्यावी, असा तो मुद्दा. मला हा निकाल या सगळ्या विषयाचा उंबरठा वाटतो. नियम पडला, कारण 'हा विशिष्ट कॉल कशामुळे तुटला' याचं उत्तर कुणाच्या हातात नव्हतं; हातात होती ती टक्केवारी. कॉलागणिक निदान करता आलं असतं तर त्या दिवशीचा युक्तिवादच वेगळा झाला असता.

कॉलागणिक निदान माणसाने करायचं म्हटलं तर अशक्य. म्हणून इथे मशीन लर्निंगची, म्हणजे यंत्राला उदाहरणांवरून शिकवण्याची, गरज पडते. आणि ते काय शिकतं हे समजायला कळवण तालुक्यासारखी जागा नाही.

तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मधून गिरणेचं खोरं. दक्षिणेला सातमाळ्याची रांग: अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप. पश्चिमेला सुरगाण्याच्या बाजूने जमीन उंचसखल होत जाते. अभोणा, कनाशी, दळवट हा सगळा पट्टा त्या अंगाला. कळवण-देवळ्याच्या सपाट भागात आवाज एकाच तऱ्हेने तुटेल, डोंगराच्या अंगाला मात्र निदान सहा तऱ्हांनी तुटतो. तक्रार एकच, "आवाज तुटतोय". ताप म्हटल्यावर डॉक्टरला मलेरिया, टायफॉइड, डेंगी सगळंच आठवावं तशी.

डोंगराच्या सावलीत बसलेल्या पाड्यावर सिग्नलच पोचत नाही. फोन सिग्नलची ताकद उणे डेसिबलमध्ये मोजतो. उणे ८० म्हणजे झकास, उणे ११५च्या खाली गेलं की कॉल रडत चालतो. हे ओळखणं सोपं. उलट सप्तशृंगीच्या गडावर, उंचीवर, सिग्नलच्या दांड्या भरलेल्या असतात आणि तरी आवाज फाटतो, कारण उंचावरून फोनला चहूकडचे टॉवर एकदम 'दिसतात' आणि एकाचा आवाज दुसऱ्याला गोंगाट ठरतो. इथे ताकद नव्हे, ताकदीचं गोंगाटाशी असलेलं गुणोत्तर पाहावं लागतं. दांड्या मोजून निदान करणारा गडावर हमखास फसेल. चैत्रोत्सवात खानदेशातून पायी येणाऱ्यांची रीघ लागते किंवा नवरात्रात नांदुरीपासून गर्दी सुरू होते, तेव्हा आणखी वेगळं दुखणं. व्होएलटीईच्या आवाजाला नेटवर्कमध्ये राखीव वाट असते, त्यामुळे लागलेला कॉल बहुधा बरा चालतो. पण कॉल लागतच नाही, कारण हजारो फोन एकाच दारावर एकदम टकटक करतात.

पावसाळ्यात टॉवर ते टॉवर जाणारा मायक्रोवेव्हचा दुवा जोरदार सरीत क्षीण होतो, किंवा रस्त्याच्या कामात फायबर उखडली जाते. त्या वेळी फोन ते टॉवर सगळं ठणठणीत असतं आणि पुडकी पुढच्या प्रवासात हरवतात. याची खूण अशी की एकाच टॉवरचे तिन्ही सेल एकाच मिनिटाला आजारी पडतात, आणि त्याच दुव्यावर पुढे लटकलेले टॉवरही.

एकतर्फी आवाज हे खास डोंगराळ भागातलं दुखणं. "मला तुझं ऐकू येतंय, तुला माझं का नाही?" कारण सरळ आहे: टॉवर वीस-चाळीस वॉटने बोलतो, फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटने. टॉवरचं बोलणं पोचतं, फोनचं रस्त्यात विरतं.

आता हे सगळं एकमेकांत कसं गुंततं पाहा. समजा रात्री साडेनऊला वीज गेली. गावाजवळच्या टॉवरची बॅटरी जुनी, डिझेल संपलेलं. टॉवर बंद पडला. गावातले फोन मुके झाले नाहीत. त्यांनी खिंडीतून दिसणारा दूरचा टॉवर पकडला, नऊ किलोमीटरवरचा. ऐकू येतं, पण बोलणं पोचत नाही. आवाज तुटतो, कॉल पडतात. तक्रारी आल्या, आणि सगळ्या नोंदल्या गेल्या त्या दूरच्या टॉवरच्या नावावर. सकाळी माणूस तिथे पाठवला. टॉवर धडधाकट. शेरा: 'दोष आढळला नाही.' तोवर वीज आलेली, गावचा टॉवर चालू. आजार एका टॉवरला होता, तपासणी दुसऱ्याची झाली.

माहिती मात्र सगळी होतीच. 'टायमिंग अॅडव्हान्स' नावाचा एक आकडा प्रत्येक फोरजी फोनला टॉवर कळवत असतो: तू किती दूर आहेस त्या हिशेबाने तुझा संदेश इतका आधी सोड. त्याची एक पायरी म्हणजे जवळपास ७८ मीटर. एरवी त्या दूरच्या टॉवरवरच्या फोनांचा आकडा वीस-तीस असतो. साडेनऊनंतर अचानक ११५च्या आसपासचे फोन आले. ११५ गुणिले ७८ म्हणजे नऊ किलोमीटर. गावच्या टॉवरचा मुख्य वीज गेल्याचा अलार्म ९.३० चा, मग तो गप्प. हे तीन धागे एकत्र धरले की निदान झालं. पण ते असतात तीन वेगळ्या यंत्रणांत, आणि एका सर्कलमध्ये टॉवर असतात हजारोंनी. एक अभियंता रोज किती धागे जुळवणार?

यंत्राला हे शिकवण्याची सगळ्यात समजण्याजोगी पद्धत म्हणजे निर्णयवृक्ष. सिग्नल उणे ११० पेक्षा वर आहे का? असेल तर गोंगाटाचं गुणोत्तर बघ. तेही चांगलं? मग पुडकी कुठल्या दिशेने हरवली ते बघ. शेजारचा टॉवर त्याच मिनिटाला गप्प झाला का? प्रश्न कोणते आणि कुठल्या क्रमाने विचारायचे हे माणूस सांगत नाही. आधी निदान झालेल्या हजारो कॉलांवरून यंत्र ते ठरवतं. एकच वृक्ष हट्टी असतो, सरावाच्या उदाहरणांतले योगायोगही पाठ करतो. म्हणून शेकडो वृक्ष वाढवायचे, प्रत्येकाला वेगळी उदाहरणं आणि वेगळे रकाने द्यायचे, आणि शेवटी मत घ्यायचं. कॅलिफोर्नियाचे संख्याशास्त्रज्ञ लिओ ब्रायमन यांनी २००१ मध्ये मांडलेलं हे 'रँडम फॉरेस्ट'. आज त्याहून चकचकीत पद्धती आहेत, पण रकान्यांतल्या आकड्यांवर काम करायचं तर वृक्षांचं कूळ अजून टिकून आहे. त्याचा मोठा गुण असा की निर्णय कशावरून घेतला हे बऱ्यापैकी विचारता येतं, आणि टॉवरवर चढणाऱ्या माणसाला 'का' हे कळणं गरजेचं असतं.

दुसरी वाट थेट आवाज ऐकण्याची. आवाजाच्या दर्जाला गुण द्यायची रीत जुनी आहे: माणसांना शांत खोलीत बसवायचं, वाक्यं ऐकवायची, एक ते पाच गुण घ्यायचे, सरासरी काढायची. दरवेळी माणसं कुठून आणणार म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००१ मध्ये 'पेस्क' आणि २०११ मध्ये 'पोल्का' हे गणिती परीक्षक प्रमाण ठरवले. गाडीत फोन ठेवून शहरभर फिरत होणाऱ्या चाचण्यांत हीच पद्धत चालते. त्यांची अट एकच: पाठवलेलं मूळ वाक्य हाताशी हवं, म्हणजे पोचलेलं त्याच्याशी ताडून पाहता येतं. कांद्याचा भाव सांगणाऱ्या भावाच्या वाक्याची मूळ प्रत कुणाकडेच नसते. मूळ प्रतीवाचून गुण देण्याचे प्रयत्न २००४ पासून प्रमाणात आले. २०२१ च्या सुमारास बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातून आलेलं 'निस्का' हे न्यूरल नेटवर्क नुसता बिघडलेला आवाज ऐकून गुण देतं, शिवाय दुखणं खरखरीचं, तुटण्याचं, रंग बदलण्याचं की आवाज बारीक येण्याचं हेही सांगतं. पण हे झालं लक्षणाचं वर्णन. तुटला हे कळलं. डोंगरामुळे की डिझेलमुळे हे आवाजात लिहिलेलं नसतं. आणि लोकांची बोलणी कंपनीच्या यंत्राने ऐकावीत असं कुणालाच वाटणार नाही. सुदैवाने निदानाला ती गरजही नाही. कोणतं पुडकं आलं, कोणतं नाही, केव्हा, एवढंच पुरतं. आत काय होतं ते न उघडता.

चालू कॉल मध्येच मुका होतो, त्या मुकेपणाचं निदान किती खोल जातं याचं एक नमुनेदार उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी नव्याकोऱ्या व्होएलटीईची तपासणी केली. आवाज जुन्या कॉलपेक्षा सरस निघाला, पण कॉलचा भरवसा कमी. फोनमध्येच बसून मुकेपणा टिपणारं साधन त्यांनी बनवलं आणि तीन मूळ दोष शोधले. त्यांतल्या एकामुळे चालू कॉल ५० सेकंदांपर्यंत मुका होत होता. टॉवर बिघडलेला नव्हता, फोनही नाही. वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेले नियम एकमेकांना विचारत नव्हते. असा दोष यंत्र आपणहून सांगणार नाही. यंत्र 'ही माझ्या ओळखीची केस नाही' म्हणून बाजूला काढेल, पुढे माणूस लागतो.

हे सगळं शिकायला उदाहरणं हवीत, नाव लावलेली: हा कॉल खराब, याचं कारण अमुक. ती कुठून आणायची? ट्रायने जून २०१७ मध्ये 'मायकॉल' अॅप आणलं. कॉल संपला की एक ते पाच तारे द्या, घरात होता की बाहेर की प्रवासात ते सांगा, आवाज खराब होता की कॉल तुटला ते सांगा. या नोंदी सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवर महिन्यावार प्रसिद्ध झाल्या: कंपनी, नेटवर्क, तारे, प्रकार, अक्षांश-रेखांश, राज्य. देशभरातल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांना हा तयार गृहपाठच मिळाला.

पण या नोंदींवर यंत्र शिकवताना खड्डे फार. तारे देऊन 'प्रकार' ओळखायला सांगितला तर यंत्र झकास पास होतं; होणारच, एक तारा देणारा माणूस 'कॉल तुटला' म्हणणारच. एकच मत दोनदा विचारलं, निदान कसलं? शंभरातले पंचाण्णव कॉल समाधानकारक असतील तर डोळे मिटून 'समाधानकारक' म्हणणारं यंत्रही ९५ टक्के अचूक ठरतं. अनेक नोंदींत अक्षांश-रेखांशाच्या जागी उणे एक एवढंच आहे, म्हणजे जागा माहीत नाही. आणि जिथे फोनच लागत नाही, तिथून तारे येतील कसे? वाईटात वाईट जागा अशा नोंदींत गैरहजर असतात. म्हणून परीक्षा घ्यायची तर कळवणचा एकही कॉल सरावात न ठेवता घ्यावी. नाशिक शहरावर शिकलेल्या यंत्राला डोंगर म्हणजे काय हे माहीत नसतं. तिथे नऊ किलोमीटरवरचा टॉवर पकडायची वेळ फोनवर येतच नाही.

सगळ्यात मोठी अडचण याहून साधी आहे. ट्रायच्या नोंदींत दुखणं आहे, कारणं नाहीत: सिग्नल, गोंगाट, टायमिंग अॅडव्हान्स, सेल, काहीच नाही. कंपनीकडे कारणांचे आकडे कॉलागणिक पडून आहेत, पण त्या कॉलला माणूस वैतागला होता का, हे नाही. दोन्ही अर्ध्या गोष्टी एका ओळीत आल्याशिवाय यंत्र शिकणार नाही. कंपनीच्या आत त्या जुळू शकतात ते तक्रारीच्या तिकिटावर, आणि तिथे घाई आड येते. तिकीट बंद करताना कारणांच्या यादीतून एक निवडायचं असतं. रात्री उशिरा टॉवरवरून उतरलेला माणूस यादीतलं पहिलं किंवा 'इतर' निवडतो. मग यंत्रही इमानदारीने शिकतं की कळवणमधल्या बहुतेक आजारांचं नाव 'इतर'.

१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नव्या नियमांनी दर्जाची मोजणी तिमाहीवरून महिन्यावर आणायची तरतूद केली आणि कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावले. नकाशात आपलं गाव रंगलेलं दिसत असेल आणि चाळीपाशी फोन लागत नसेल, तर निदान वादाला कागद झाला.

तक्रार १९८ वर करता येते. "रेंज नाही" एवढंच सांगितलं तर तिकिटावर तेवढंच लिहिलं जाईल. त्याऐवजी किती वाजता, कुठल्या वस्तीवर, घरात की उघड्यावर; आवाज तुमचा जात नव्हता की त्यांचा येत नव्हता; त्या वेळी वीज होती का; शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनलाही तसंच झालं का, हे सांगावं. आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. पुढे अपील करायचं तर तो मागतात.